खापर आहे तिथे मांडे

महाराष्ट्राच्या खाद्यपदार्थांवर लिहायचं म्हटलं की जिल्ह्यांची यादी समोर येते. कोल्हापूरचा तांबडा-पांढरा, साताऱ्याचे कंदी पेढे, नागपूरची संत्रा बर्फी, मालवणचं खाजं. यादी खरी आहे. पण तो पदार्थ तिथेच का झाला, हे ती सांगत नाही. मी बरीच वर्षं एकच गोष्ट मांडत आले आहे: पदार्थ ठरतो तो चुलीवर आणि तिच्यावर चढणाऱ्या भांड्यावर. जिन्नस गाडीत घालून कुठेही नेता येतो. भांडं, जाळ आणि हात मात्र सहजी गाव सोडत नाहीत.

कोकणावर पुष्कळ लिहून झालं आहे. हळदीच्या पानात वाफवलेले पातोळे, फणसाच्या रसातली सांदणं, साच्यातून दाबून पाडलेले शिरवाळे आणि त्यांच्यासोबत नारळाचा गोड रस, हे सगळं वाफेचं आणि ओल्या नारळाचं घराणं आहे. तेच पुढे गोव्यात खतखत्यापर्यंत आणि दोदोलापर्यंत जातं. पुण्याच्या बाकरवडीबद्दल माझ्याकडे नवं सांगण्यासारखं काही नाही. मराठवाडा आणि सोलापूरकडचा पट्टा ज्वारीचा: भाकरी, धपाटी, कण्या आणि थंडीतला हुरडा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. वऱ्हाडात गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे तुपात कुस्करून वरण-वांग्याबरोबर खाल्ले नसतील, तर विदर्भाच्या जेवणावर मत देऊ नये. तिकडची सांबारवडी आणि पाटवडीचा रस्सा आता मुंबईतही मिळतो. रोडगा मिळत नाही, कारण त्याला गोवरीचा आर लागतो.

आता खानदेश.

इथल्या भरिताला नाव मिळालं. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही 2016 मध्येच मानांकन मिळालं. हे वांगं मोठं, हिरवट, कमी बियांचं. पण खरं भरीत होतं ते कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर. त्या जाळाचा धूर वांग्यात उतरतो. मग ते लाकडी भांड्यात हिरवी मिरची आणि लसणाबरोबर ठेचायचं, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. गॅसच्या शेगडीवर वांगं भाजलं की वांगं तेच राहतं, भरीत मात्र वेगळं होतं.

आणि मांडे. ज्यासाठी मी एवढी वर्षं भांडले, तो हा पदार्थ.

मागे एका अंकात एका जाणकारांनी लिहिलं की मांडा म्हणजे आकाराने मोठी पुरणपोळी. त्यांनी मांडा होताना पाहिलेला नाही, एवढंच मी म्हणेन. पुरणपोळी पोळपाटावर लाटतात आणि तव्यावर भाजतात. मांड्याचा पोळपाटाशी संबंध सुरुवातीपुरताच. गहू ओलवून, दळून, पीठ वस्त्रगाळ करायचं. कणीक सैल भिजवायची आणि तिला तार येईपर्यंत आपटत, ओढत तिंबायची. दोन पाऱ्यांच्या मधे पुरण भरून कडा दाबायच्या, थोडं लाटायचं, आणि तिथून पुढे सगळं काम हातांचं. मांडा एका हातावरून दुसऱ्या हातावर फिरत राहतो, मनगटावरून कोपरापर्यंत पसरतो, आपल्याच वजनाने वाढतो. पुरण कडेपर्यंत सारखं जातं. मग तो चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर एका झटक्यात टाकायचा. खापर बाकदार असल्याने मांडा ताणलेलाच राहतो, त्याला सुरकुती पडत नाही. मातीची आच मंद आणि सारखी असते, म्हणून इतका पातळ पापुद्रा करपण्याआधी शिजतो. लोखंडी कढई पालथी घालून हेच करतात, पण लोखंड मधे जास्त तापतं, तिथे डाग पडतो आणि कडा कच्च्या राहतात.

दुसरे एक विद्वान मांड्याचं मूळ मोगल छावणीतल्या रुमाली रोटीत शोधतात. त्यांनी ‘मानसोल्लास’ उघडून पाहावा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा हा बाराव्या शतकातला ग्रंथ. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात मंडक आहे: गव्हाच्या कणकेचा, हातावर पसरवून तापल्या खापरावर भाजलेला. बाबर हिंदुस्थानात यायला तेव्हा चारशे वर्षं अवकाश होता. आणि आळंदीची कथा तर घराघरांत माहीत आहे. मुक्ताईला मांडे करायचे होते, विसोबाने कुंभारांना खापर देऊ नका म्हणून बजावलं, आणि ज्ञानदेवांनी आपल्या पाठीचं खापर केलं. या कथेत पीठ आणि पुरण अडलेलं नाही. अडलं ते खापर.

माझा मुद्दा एका जिल्ह्यापुरता नाही. ज्या बुऱ्हाणपुरातून फारुकी सुलतानांनी खानदेशावर राज्य केलं, तिथे आजही हवेत फिरवून मांडे करतात. ते बिनपुरणाचे, आणि खातात सामिष रश्श्याबरोबर. नागपूरकडे पालथ्या मडक्यावर लांब पोळी करतात, तीही सैल कणकेची आणि हातावर वाढवलेली. बेळगावकडे लग्नात वाढतात ते कुरकुरीत, घडी घातलेले, साखर भरलेले मांडे. कृष्णेच्या दक्षिणेपासून तापीच्या काठापर्यंत आणि तिथून पूर्वेला नागपूरपर्यंत एकच कसब पसरलेलं आहे. आजचे जिल्हे आणि राज्यांच्या सीमा त्याच्या मधून गेल्या, म्हणून कुठल्याच यादीत ते सलग दिसत नाही.

आमच्याकडे मांड्यांचा दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. पितरांची घागर भरायची, म्हणून कुंभार नव्या घागरी घेऊन दारी यायचा आणि त्याच फेरीत खापरही द्यायचा. त्याचं धान्य आई आधीच काढून ठेवायची. माहेरवाशिणी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, अंगणात तीन दगडांची चूल. माझी थोरली आत्या मांडे करायला बसली की बाकीच्या बायका फक्त पुरण भरून द्यायच्या. तिचा मांडा कोपराखाली लोंबायचा, पण फाटत नसे. चार घड्या घालून ताटात यायचा, वर तूप, बाजूला आमरस, कुरडई आणि पुरणाच्या पाण्याचं सार. सांजोऱ्या मुलांच्या हाती पडायच्या त्या दुपारी. आत्या कुणाला शिकवत नसे, तिच्या शेजारी बसून पाहायचं. मी पाहिलं आणि शिकले.

‘रुचिरा’ 1970 साली आली. कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याच्या मापाने लाखो घरांत स्वयंपाक शिकवला. माझ्या मनात त्या पुस्तकाबद्दल आदरच आहे. पण मापाच्या शिक्षणाला मर्यादा असते. कणकेला तार आली हे बोटांना कळतं, ते वाटीत मोजता येत नाही. पुस्तकाने जे वाचलं ते वाचलं. जे हाताने हाताला द्यायचं होतं, ते मात्र आमच्या पिढीने पुढे दिलं नाही.

आता आखाजीलाही घरात मांडे होत नाहीत. करून देणाऱ्या बाया आहेत, त्या लग्नाच्या हंगामात दिवसभर धगीसमोर उभ्या राहतात. मांड्यामागे त्यांना जे मिळतं त्यात त्यांच्या मुली हे काम कशाला उचलतील? गावोगावचे कुंभार खापर करेनासे झाले, कारण ते एकदा घेतलं की वर्षानुवर्षं टिकतं आणि घेणारी घरं कमी झाली. खाद्यमहोत्सवांत मांड्यांपुढे रांगा लागतात, फोटो निघतात. पण बहुतेक ठिकाणी खाली असते ती लोखंडी कढई आणि गॅस. हाच खरा मांडा, असं तिथे सांगितलं जातं, याचा मला फार राग येतो.

महोत्सव भरवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की मातीचं खापर आणि लाकडाची चूल यांची सोय होत असेल तरच मांडे ठेवा. वाचकांना विनंती अशी: येत्या आखाजीला खानदेशातल्या एखाद्या बाईकडून खापरावरचे मांडे आधी सांगून करून घ्या आणि ती सांगेल तो भाव द्या. घरात शिकण्याजोगी मुलगी किंवा मुलगा असेल, तर त्याला तिच्या शेजारी बसवा. जवळपास कुंभार असेल, तर एक खापर आत्ताच सांगून ठेवा. ते घडवून, वाळवून, भाजून हाती यायला वेळ लागतो.