दूर राहून जवळचे पाहणे

कॅमेऱ्यासाठी नवी टेलिफोटो लेन्स घरात आली, की पहिले काही दिवस गच्चीवरून चंद्र आणि समोरच्या झाडावरचे कावळे टिपण्यात जातात. तिचे खरे सामर्थ्य मात्र मोकळ्या आकाशाखाली, पाणथळ जागी उमगते. हिवाळ्यात पुणे-सोलापूर मार्गावरील भिगवणला एकदा तरी सहकुटुंब जावे, ते यासाठीच.

भीमा नदीवरील उजनी धरणाचे फुगवट्याचे पाणी येथे उथळ होत जाते. त्यात रोहित पक्ष्यांचे, म्हणजेच फ्लेमिंगोंचे थवे उतरतात. सोबतीला चित्रबलाक, चक्रवाक, राखी बगळे असतात. कुंभारगाव, डिकसळ या गावांतील मच्छीमार पर्यटकांना आपल्या होड्यांतून पाण्यावर नेतात. पाण्याची खोली आणि पक्ष्यांच्या सवयी त्यांना नेमक्या ठाऊक असतात, त्यांचे ऐकावे.

६०० मिमीची लेन्स ५० मिमीच्या लेन्सपेक्षा दूरचा पक्षी बारापट मोठा दाखवते. पण हाताचा कंपही तितकाच मोठा करून दाखवते. म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या किमान १/१००० ठेवावा आणि उडत्या पक्ष्यासाठी १/२००० किंवा त्याहून अधिक. लेन्समधील कंपरोधक सोय आपला हात सावरते, पक्ष्याचे पंख स्थिर करीत नाही. होडी डुलत असल्याने तिपाईचा उपयोग थोडाच. खाली बसून कोपर गुडघ्यांवर टेकवणे अधिक बरे. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास सोडू नयेत. ऊन तापले, की पाण्यावरची हवा थरथरते आणि कितीही महागड्या लेन्सने टिपलेले दूरचे दृश्य अस्पष्ट येते.

हे तंत्र चार दिवसांत साधते. संयमाला अधिक काळ लागतो. थवा एकदम उडाला, तर गुलाबी पंखांचे सुंदर छायाचित्र मिळेल, या आशेने होडी पुढे नेण्याचा आग्रह धरला जातो, टाळ्याही वाजवल्या जातात. रोहित पक्षी वाकडी चोच पाण्यात उलटी बुडवून बारीक जलचर आणि शेवाळ गाळून खातो. असे कण कण वेचून पोट भरायला त्याला पुष्कळ वेळ लागतो. त्याच्या पिसांचा गुलाबी रंगही याच अन्नातून येतो. विनाकारण घेतलेल्या प्रत्येक उड्डाणात त्याचा चरण्याचा वेळ आणि साठवलेली शक्ती दोन्ही खर्च होतात.

पक्षी उडण्यापूर्वी इशारा देतात. चरणे थांबते, माना एकाच वेळी उंचावतात, सारा थवा एका दिशेने चालू लागतो. तेथेच होडी थांबवावी, शक्य तर थोडी मागे घ्यावी. उरलेले अंतर लेन्सला कापू द्यावे. तिच्यासाठी एवढा खर्च केला, तो याचसाठी. घराच्या सज्जात बुलबुलाने घरटे केले असेल, तर तेथेही हाच नियम पाळावा. फांद्या बाजूला न सारता, खोलीच्या आतूनच पाहावे.

मुलांना सोबत न्यावे आणि हे इशारे ओळखायला त्यांनाच सांगावे. मोठ्यांच्या आधी त्यांच्या ते लक्षात येतात. घरी परतल्यावर संग्रहातून एकच चित्र निवडायचे झाले, तर मान खाली घालून निवांत चरणाऱ्या रोहिताचे निवडावे. आपण तेथे गेलो, पाहिले आणि त्याचे चरणे थांबले नाही, याची ती खूण आहे.