जोखीम कारखान्याकडे, कौशल्य ग्राहकाच्या हाती
मॉडेल रॉकेटच्या संचाची उद्बोधक कथा

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक अवकाशात गेला आणि अमेरिकेतील शाळकरी मुलांना रॉकेटचे वेड लागले. त्याआधीही तेथे घरगुती रॉकेटचे प्रयोग होत होतेच. आता त्यांना उधाण आले. तळघरात, गॅरेजमध्ये धातूच्या नळ्यांत ज्वालाग्राही रसायने ठासली जात. नळी फुटली की तिचे तुकडे गोळीसारखे उडत. कित्येक मुले जायबंदी झाली, काही प्राणांस मुकली. पालकांपुढे दोनच मार्ग दिसत होते : सक्त मनाई करावी, किंवा डोळेझाक करावी. पहिल्याने जिज्ञासा मारली जात होती, दुसऱ्याने मुले.

तिसरा मार्ग मात्र तयार होता, आणि तो शोधणारा गृहस्थ कोणी शास्त्रज्ञ नव्हता. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या गावी पादत्राणांचे दुकान चालवणारा तो एक व्यापारी होता. त्याचे नाव ऑर्व्हिल कार्लाइल.

दुकानदाराची युक्ती

ऑर्व्हिलला शोभेच्या दारूकामाचा छंद होता व त्याचा परवानाही त्याच्याकडे होता. त्याचा भाऊ रॉबर्ट विमानांच्या प्रतिकृती बनवत असे. रॉकेटच्या तत्त्वावरील व्याख्यानांसाठी रॉबर्टला प्रात्यक्षिक हवे होते. त्यासाठी १९५४ मध्ये दोघा भावांनी मिळून एक छोटे रॉकेट बनवले आणि त्याला ‘रॉक-अ-शूट’ असे नाव दिले. कागदी नळीचे शरीर, हलक्या लाकडाचे पंख, आणि आत बदलता येणारे, कागदी आवरणाचे इंजिन, अशी त्याची रचना होती. उंचीवर पोहोचल्यावर इंजिनातूनच एक लहानसा धमाका होऊन पॅराशूट बाहेर पडे व रॉकेट अलगद खाली येई. इंजिन बदलले की ते पुन्हा उडण्यास सज्ज होई.

१९५७ च्या आरंभी जी. हॅरी स्टाइन यांचा एक लेख अमेरिकी मासिकात आला. स्टाइन हे न्यू मेक्सिकोतील व्हाइट सॅण्ड्स या क्षेपणास्त्र-चाचणी केंद्रात सुरक्षेचे काम पाहत. हौशी मुलांच्या अपघातांविषयीची चिंता त्यांनी लेखात मांडली होती. तो वाचून कार्लाइल यांनी आपली रॉकेटे त्यांच्याकडे धाडली. स्टाइन यांना त्यांचे मोल तत्काळ उमगले. त्याच वर्षी त्यांनी डेन्व्हर येथे सहकाऱ्यांसह ‘मॉडेल मिसाइल्स’ ही कंपनी काढली आणि या छंदाची राष्ट्रीय संघटनाही स्थापन केली. त्या संघटनेची सुरक्षा-संहिता आजही हौशी मंडळी पाळतात. रॉकेटचे भाग कागद, लाकूड, प्लास्टिक अशा हलक्या पदार्थांचेच असावेत. इंजिन कारखान्यातलेच असावे व त्यात कोणताही फेरफार करू नये. ते दुरून, विजेच्या साहाय्यानेच पेटवावे, हे तिचे मुख्य नियम.

‘मेबल’ आणि जास्तीचे उत्पादन

इंजिने हाताने भरून मागणी पुरी होईना. म्हणून दारूकामाच्या व्यवसायातील कुटुंबातला व्हर्न एस्टेस या तरुणाकडे हे काम आले. त्याने संकुचित हवेवर चालणारे एक यंत्र स्वतः घडवले. त्याचे नाव ‘मेबल’. जानेवारी १९५९ मध्ये ते चालू झाले आणि सुमारे साडेपाच सेकंदांना एक इंजिन बाहेर पडू लागले. ही गती ‘मॉडेल मिसाइल्स’च्या गरजेहून कितीतरी अधिक होती. यंत्र उभे राहिले, भांडवल गुंतले, पण माल घेणारा एकटा अपुरा पडला. हा पेच कोणाही कारखानदारास परिचित असेल. एस्टेस यांनी त्यावर उपाय काढला तो असा की, इंजिने खपावीत म्हणून रॉकेटचे संचच स्वतः तयार करून टपालाने विकावयास आरंभ केला. १९६१ मध्ये त्यांनी आपला कारखाना कोलोरॅडोतील पेनरोझ या छोट्या गावी हलवला. ज्या कंपनीसाठी इंजिने बनवायची ती काही काळाने बंद पडली; एस्टेस यांचे नाव मात्र या छंदाचे समानार्थी झाले.

संचाच्या रचनेतील विचार

संच म्हणजे केवळ पिशवीत भरलेले सुटे भाग नव्हेत. कोणते काम कारखान्याने करायचे आणि कोणते ग्राहकावर सोपवायचे, याचा निर्णय म्हणजे संच. येथे ती रेषा अत्यंत स्पष्ट आहे. जेथे चूक झाल्यास जिवावर बेतेल ते सर्व इंजिनात बंदिस्त आहे. ठासलेले काळे बारूद, चिकणमातीची तोटी, सावकाश जळणारा विलंब-थर आणि पॅराशूट बाहेर ढकलणारा शेवटचा भार, हे सारे कारखान्यात भरले जाते. जेथे चूक झाली तर फार तर रॉकेट वाकडे जाईल ते काम मुलाच्या हाती आहे.

इंजिनावरील आकडेही या शिस्तीचेच. ‘सी ६-५’ असे लिहिलेले असल्यास ‘सी’ हे एकूण रेट्याचा वर्ग दाखवते, ६ हा सरासरी रेटा न्यूटनमध्ये, आणि ५ म्हणजे बारूद जळून संपल्यावर पॅराशूट सुटेपर्यंतचे सेकंद. ‘ए’ वर्गाची कमाल मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद, ‘बी’ची ५, ‘सी’ची १०, अक्षर पुढे सरकले की मर्यादा दुप्पट. प्रचलित इंजिनाचा व्यास १८ मिलिमीटर व लांबी ७० मिलिमीटर. हे माप दशकानुदशके कायम आहे. त्यामुळे जुन्या संचात आजचे इंजिन बसते आणि दुकानदाराला मोजक्या प्रकारांचा साठा ठेवून अनेक संचांचे ग्राहक सांभाळता येतात. नळ्यांचेही तसेच : ‘बीटी-२०’, ‘बीटी-५०’ अशा ठरावीक मापांच्या नळ्यांतून अनेक आकृत्या सिद्ध होतात.

दाराच्या चौकटीपासून साच्यापर्यंत

हे रॉकेट बांधण्यास लागणारी साधने साधी आहेत : धारदार कटर, पोलादी पट्टी, पॉलिश पेपर गुंडाळलेला लाकडी ठोकळा, पेन्सिल, पांढरा गोंद. पण गोल नळीवर लांबीच्या दिशेने अगदी सरळ रेघ कशी ओढावी? जुन्या जाणत्यांचा उपाय असा की, नळी दाराच्या चौकटीच्या खाचेत टेकवावी आणि चौकटीच्या कडेचाच पट्टीसारखा उपयोग करून पेन्सिल फिरवावी. तीन पंख समान अंतरावर यावेत म्हणून नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजावा व पट्टीचे तीन समान भाग पाडावेत.

बाल्साच्या लाकडातून पंख कापताना तंतूंची दिशा पुढच्या कडेला समांतर ठेवावी लागते. तंतू नळीच्या दिशेने गेले तर पहिल्याच उतरणीत पंख तुटतो. गोंदही दोनदा लावतात : प्रथम दोन्ही पृष्ठांवर लावून, जोडून, पुन्हा सुटे करतात, ते चिकट होईपर्यंत सुकले की पुन्हा गोंद लावून कायमचे जोडतात. कागद व लाकूड पहिला थर पिऊन घेतात, म्हणून दुसरा थर घट्ट धरतो.

सर्वांत महत्त्वाची कसोटी स्थैर्याची. रॉकेटचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्याच्या पुढे, निदान नळीच्या एका व्यासाइतका असावा लागतो. दाबमध्य काढण्याची सुलभ समीकरणे नासातील जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये हौशी मंडळींच्या राष्ट्रीय मेळाव्यात मांडली. २००९ मध्ये फिनलंडच्या सॅम्पो निस्कानेन या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी ‘ओपनरॉकेट’ ही संगणकप्रणाली रचली व ती सर्वांना विनामूल्य खुली केली. संगणक नसेल तर दोरीही पुरते. इंजिन बसवलेले रॉकेट गुरुत्वमध्याशी दोरीने बांधून डोक्याभोवती फिरवावे. नाक पुढे राहिले तर रॉकेट स्थिर, नाही तर नाकात थोडे वजन भरावे.

दोन मते

या मंडळींत एक वाद सतत रंगतो. पंख सरळ बसवण्यासाठी तयार साचे मिळतात. पंखही आता लेझरने अचूक कापून येतात. काही संचांत तर सगळे पंख एकसंध प्लास्टिकचे असतात, नुसते बसवायचे. एका पक्षाचे म्हणणे असे की, दहा वर्षांच्या मुलाचे पहिले रॉकेट सरळ उडालेच पाहिजे. ते भरकटले तर मूल या छंदाकडे पुन्हा वळणार नाही. दुसरा पक्ष म्हणतो की, सारेच तयार मिळाले तर मुलाने केले काय? तंतूंची दिशा का पाहायची, हे त्याला कधी कळणार?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि अनुभवी संचरचनाकार त्यामुळेच पायऱ्या ठेवतात. वेष्टनावर कौशल्याची पातळी छापलेली असते. पहिल्या पायरीवर जवळजवळ सर्व तयार. पुढे कापणे, घासणे, रंगवणे वाढत जाते. मात्र कितीही वरच्या पायरीवर गेले तरी एक गोष्ट या संचांत ग्राहकाच्या हाती दिली जात नाही, ती म्हणजे बारूद भरण्याचे काम.

व्यापाऱ्याच्या नजरेतून

बँकेत लघुउद्योगांचे प्रस्ताव तपासताना मी यंत्राची क्षमता, मालाची मागणी, तारण या गोष्टी पाहत असे. जोखीम कोणाकडे राहणार, हा प्रश्न प्रस्तावाच्या कागदांत क्वचितच लिहिलेला असे. पण उद्योग टिकणार की नाही हे बहुधा त्यावरच ठरत असे. कार्लाइल व एस्टेस यांनी जोखीम स्वतःकडे घेतली आणि घडवण्याचा आनंद ग्राहकाला दिला. त्याचा व्यापारी मोबदलाही मिळाला : रॉकेट एकदा विकले जाते, पण इंजिन प्रत्येक उड्डाणाला नवे लागते.

आपल्या घरातील नातवंडांनीही कधी रॉकेट बनवण्याचा हट्ट धरला, तर पुठ्ठ्याची नळी, पंख, दोरीची कसोटी यांत त्यांच्यासोबत जरूर बसावे. मात्र फटाक्यांची दारू काढून इंजिन बनवण्याचा प्रयोग घरात कदापि होऊ देऊ नये. ‘हे तू कर, हे मात्र नाही’ असे कारणासह सांगणारा वडीलधारा माणूस मुलाची जिज्ञासाही राखतो आणि त्याचे हातही.