कंस बदलला आणि क्वेरी धावली

बॉस्टन, १९८४. डेटाबेस संशोधकांच्या सिग्मॉड परिषदेत ओरेगनच्या जॉर्ज कोपलंड आणि डेव्हिड मायर यांनी धाडसी प्रस्ताव ठेवला: स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेचाच डेटाबेस करू. प्रोग्राममधले एकमेकांत गुंतलेले ऑब्जेक्ट साठवताना तक्त्यांत मोडायचे आणि वाचताना पुन्हा जुळवायचे, हा खटाटोप त्यांना संपवायचा होता. त्यातून सर्व्हिओ लॉजिक कंपनीचा ‘जेमस्टोन’ हा डेटाबेस आकाराला आला. पण खरा पेच निघाला क्वेरीत, म्हणजे हवी ती माहिती अट घालून मागण्यात.

स्मॉलटॉकचा ऑब्जेक्ट आपल्या पोटातलं कुणाला दाखवत नाही. निरोप पाठवायचा, तो उत्तर देतो. ‘अमुक नावाच्या प्रमुखाच्या हाताखालचे कर्मचारी निवडा’ ही अट चौकटी कंसांत कोड म्हणून लिहायची. त्या कोडमध्ये काहीही असू शकतं: साधं वाचन, लांबलचक हिशेब, एखादा बदलसुद्धा. चालवून पाहिल्याशिवाय यंत्राला ते कळणार कसं? मग शोध झटपट करणारी सूची, म्हणजे इंडेक्स, असून नसल्यासारखा. डिस्कवरून एकेक कर्मचारी उचला आणि विचारा.

तोडगा कंसातच सापडला. जेमस्टोनच्या ओपल भाषेत निवडीसाठी महिरपी कंस आले. त्यांच्या आत निरोप बंद. फक्त तुलना आणि टिंबांनी जोडलेली वाट: कर्मचारी.विभाग.प्रमुख.नाव. आता अट चालवण्याआधीच वाचता येत होती. १९८६ मध्ये मायर आणि जेकब स्टाइन यांनी अशा वाटेसाठी इंडेक्सची रचना मांडली: प्रत्येक दुव्याला स्वतंत्र इंडेक्स. नाव हाती आलं की वाट उलटी चालत थेट कर्मचाऱ्यांपर्यंत पोचायचं. विभागाचा प्रमुख बदलला, तर तेवढाच दुवा दुरुस्त करायचा. कर्मचाऱ्यांच्या नोंदींना हात लावायचा नाही.

किंमत मोजावी लागलीच. टिंब थेट ऑब्जेक्टच्या पोटात डोकावतं, म्हणजे गुप्ततेचा नियम मोडतो. १९८९ मध्ये एका जाहीरनाम्यात मायर, फ्रान्स्वा बाँसिलोँ आदी सहा जणांनी ऑब्जेक्ट डेटाबेसचे १३ अनिवार्य गुण सांगितले. तिसरा गुण ही गुप्तता, तेरावा आयत्या वेळच्या क्वेरीची सोय. आणि अशा क्वेरीपुरती गुप्तता सैल करायला हरकत नाही, हेही त्यांनी मान्य केलं. बाँसिलोँ यांच्या फ्रान्समधल्या ‘ओटू’ प्रणालीच्या क्वेरी-भाषेवरून पुढे ऑब्जेक्ट डेटाबेससाठीच्या १९९३ च्या ओडीएमजी मानकातली ओक्यूएल ही क्वेरी-भाषा घडली, तीही टिंबांच्याच वाटेनं.

हवं ते करण्याची मोकळीक मिळावी म्हणून स्मॉलटॉक निवडली गेली होती. क्वेरी वेगवान झाली, ती मात्र त्यातली बरीचशी मोकळीक काढून घेतल्यावर.