दोन बोटं आणि बावीस जीव

27 जुलै 2005. मुंबईजवळच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रात आग लागली. आदल्याच दिवशी मुंबई पाण्याखाली गेली होती. त्या पुरापुढे समुद्रातली ही बातमी मागे पडली.

सुरुवात झाली ती एका स्वयंपाकघरात. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या आचाऱ्याच्या दोन बोटांची टोकं कापली गेली. पावसाळी हवेमुळे हेलिकॉप्टर मिळेना. मग त्याला क्रेनच्या बास्केटमधून बीएचएन या तेल-प्लॅटफॉर्मवर चढवायचं ठरलं. उसळत्या समुद्रात जहाज प्लॅटफॉर्मला भिडलं, गॅस वर आणणाऱ्या पाइपवर, म्हणजे रायझरवर आदळलं आणि भडका उडाला. दोनेक तासांत प्लॅटफॉर्म कोसळला. 384 जणांपैकी 362 वाचले, 22 गेले.

डॉक्टर फोनवर असता तर आग टळली असती, असा दावा मी करणार नाही. पण समुद्रावरच्या टेलिमेडिसिनचं खरं काम मला इथेच दिसतं. रुग्णाला आत्ता हलवायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हे ठरवणं. ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवर सर्दी-खोकल्याची गोळी विचारणं वेगळं, हे वेगळं. किनाऱ्यावरचा सर्जन कॅमेऱ्यातून जखम पाहतो. हाड उघडं पडलंय का? दाबून धरल्यावर रक्त थांबतं का? तुटलेला तुकडा ओल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात नको. छातीत कळ आली तर ईसीजी काढून पाठवा. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून झोपवायचं की वादळातही हेलिकॉप्टर मागायचं, हे ठरवायला त्या कागदावरच्या रेघा मदत करतात.

कल्पना जुनीच आहे. 1935 साली ग्विदो ग्विदा या इटालियन डॉक्टरनं रोममध्ये जहाजांसाठी रेडिओवरून फुकट सल्ला देणारं केंद्र काढलं. मार्कोनी त्याचा पहिला अध्यक्ष. ते केंद्र आजही चालू आहे. कुठल्या देशाचं जहाज, कोण मालक, हे तिथे विचारत नाहीत. मला या ग्विदाचं फार अप्रूप वाटतं. खलाशाला डॉक्टर मिळणं हा त्याचा हक्क, एवढं धरून तो कामाला लागला.

आपल्याकडे उपग्रहाची लिंक आहे, कॅमेरे आहेत. पण पट्टी बांधायला, शिरेत सुई लावायला तिथे शिकलेला हात लागतोच. पडदा ते करणार नाही. आणि फोन कोणी लावायचा? माझं स्पष्ट मत आहे, हा निर्णय ठेकेदाराच्या सुपरवायझरच्या हाती नसावा. वेल्डर, फिटर, हेल्पर, आचारी यांना थेट डॉक्टरशी, आपल्या भाषेत, इतरांच्या कानावर न पडता बोलता आलं पाहिजे. नोकरी जाईल या भीतीनं दुखणं अंगावर काढणारा माणूस ईसीजीच्या मशीनपर्यंत पोचतच नाही.

आमच्या धुळ्यातल्या देवपूरहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटर, बॉम्बे हाय त्याच्याही पुढे दीडशेच्या वर. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, आयटीआयतून बाहेर पडलेल्या पोरानं रिगची नोकरी घेताना पगार आणि सुट्टी विचारावीच. सोबत हेही विचारावं: रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर ईसीजी कोण काढतं आणि तो कोणत्या डॉक्टरकडे जातो?