सोमवारी तीन ते पाच

संपादकांनी पाठवलं ते एवढंच बघायला, की हे नागरिक मंचवाले नेमकं करतात काय. माझा आपला समज होता, निवेदनं देत असतील, खड्ड्यांचे फोटो काढत असतील. सोमवारी दुपारी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात गेलो, तर सत्तरी ओलांडलेले एक काका खिडकीजवळच्या टेबलावर कापडी पुठ्ठ्याची जाडजूड वही उघडून बसलेले. शहराचं आणि काकांचं नाव सांगत नाही. त्यांना अजून तिथेच जायचंय.

ती वही म्हणजे मापपुस्तिका. कार्यालयात तिला सगळे 'एम.बी.'च म्हणतात. काम झालं की कनिष्ठ अभियंत्याने जागेवर मोजून लांबी, रुंदी, जाडी तिच्यात लिहायची, उपअभियंत्याने तपासून सही करायची, मग ठेकेदाराचं बिल निघणार. पानांना क्रमांक असतात. आकडा चुकला तर खोडायचा नाही. आडवी रेघ मारून शेजारी सही करायची. काका पाटबंधारे खात्यात होते, जन्मभर त्यांनी अशाच वह्या भरल्या. "भाषणं काय ऐकतोस? एम.बी. वाच," ते म्हणाले.

मंचाचा इतिहास फार नाही. एका पावसाळ्यात चार सोसायट्यांच्या तळमजल्यांवर पाणी शिरलं, लोक एकत्र आले, पुढे लेटरहेड छापलं. खरी गंमत या दोन तासांची. माहिती अधिकाराचा अर्ज केला तर १० रुपयांचा स्टॅम्प लावायचा आणि ३० दिवस वाट बघायची. पण अर्ज न करताही फाइल बघता यावी, ही सोय पुणे महापालिकेत आधीपासून होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून ती जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली. दर सोमवारी, तीन ते पाच.

काकांनी वहीच्या समासाशी बोट ठेवून मला हिशेब शिकवला. शंभर मीटर लांब, सात मीटर रुंद रस्ता, वर ४० मिलिमीटरचा डांबरी थर. म्हणजे २८ घनमीटर माल. थर ३० चाच पडला तर २१. मधले सात घनमीटर म्हणजे सोळाएक टन, भरलेला एक डंपर! तो वहीत आहे, रस्त्यावर नाही. पण गुळगुळीत रस्त्याखालची जाडी दिसणार कशी? काका केबलवाल्यांची वाट बघतात. चर खणला की कडेला डांबराचा काळा पट्टा उघडा पडतो. तिथे उकिडवं बसून स्टीलची पट्टी लावायची, पट्टीसकट फोटो काढायचा आणि चर बुजायच्या आत दुसऱ्या ठिकाणीही मोजायचं. एका मापावर कुणाला चोर म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. मला तो फार आवडला.

आवडण्याजोगं इथेच संपतं. मी तीन सोमवार गेलो, त्यातल्या दोन वेळा "काका, साहेब साइटवर गेलेत, कपाटाची चावी त्यांच्याकडे" हे ऐकलं. फाइल मिळते तेव्हा नेमकी एम.बी. 'ऑडिटला' गेलेली असते. मग अर्ज, अपील, दुसरं अपील. आणि दुसरं अपील राज्य माहिती आयोगात गेलं की हजारोंच्या रांगेत उभं राहतं. दोष दायित्वाची मुदत तोवर संपून जाते. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने पदरचे पैसे घालून दुरुस्त करायचा असतो. नंतर तोच खर्च पुन्हा आपल्या मालमत्ता करातून. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातला 'वैयक्तिक माहिती'चा अपवादही रुंद केला. उद्या सही कुणाची हेही वैयक्तिक ठरवतील, ही काकांची धास्ती मला अगदीच फुकाची वाटत नाही.

पुण्यामुंबईच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका झाल्या थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं प्रशासकाची. नगरसेवक नसताना जाब विचारायला सभागृहच नव्हतं, उरली होती ती सोमवारची खिडकी. आता नगरसेवक आलेत. मंचाच्या बैठकीला मात्र मी मोजले तेव्हा अकराजण होते, त्यातले नऊ पेन्शनर.

वही वाचता येणारे दोघंच. काकांना मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंय, तेवढे दिवस कुणीतरी हवंय. बेरीज-गुणाकार येत असला आणि सोमवारी दुपारी दोन तास निघत असले, तर आपल्या भागातल्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन एवढंच म्हणा: एम.बी. दाखवा.