कुंडीतला अनंत थंडीत सांभाळताना

दिवाळी सरली, पहाटे सडा टाकताना बोटं गारठायला लागली, की बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो : "ताई, अनंताची पानं पिवळी पडताहेत, काय घालू?" उत्तर आधीच सांगून टाकतो. थंडीत अनंताला काही घालायचं नसतं. निवारा द्यायचा, ऊन द्यायचं आणि पाणी बेतानं द्यायचं.

प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. आमच्या गटातल्या बायका पावसाळ्यात अनंताच्या फांद्या लावतात, दोन पावसाळे रोपं जपतात आणि कळ्या धरल्या की बाजारात नेतात. कळीच्या रोपाला गिऱ्हाईक असतं, पानं झडलेल्या काडीकडे कोणी बघत नाही. मधले थंडीचे तीन महिने रोप तगलं, तरच कुंडी, माती आणि मेहनतीचे पैसे सुटतात.

अनंताला थंडी का बाधते ते आधी समजून घेऊ. शास्त्रात याला गार्डेनिया म्हणतात. आपल्या डोंगरातली डिकेमाली याच्याच जातकुळीतली, पण ती आपल्या उन्हातान्हाला सरावलेली. अनंताचं मूळ घर चीन आणि जपानकडच्या दमट भागात. त्याला हवेत ओल लागते आणि माती थोडी आम्लधर्मी लागते. आपल्याकडे हिवाळ्यात नेमकं उलटं होतं. हवा कोरडी, रात्र गार. निफाडकडे काही वर्षी पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं. रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली गेलं की अनंताची वाढ जवळजवळ थांबते. जमिनीतल्या झाडाची मुळं खोल मातीत उबेला असतात. कुंडी मात्र चारही बाजूंनी गार पडते आणि गारठलेली मुळं खत-पाणी नीट ओढत नाहीत. म्हणून अशा वेळी युरिया घातला, तर तो मुळांना पोसत नाही, जाळतो.

आता काय करायचं ते. रात्री अंगण गारठायला लागलं की कुंडी पडवीत किंवा घरात घ्या. जागा पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या खिडकीजवळची हवी, रोज चार तास तरी ऊन मिळालं पाहिजे. चुलीच्या धुराजवळ आणि दाराच्या गार झोतात ठेवू नका. कुंडी थेट फरशीवर न टेकवता लाकडी फळीवर किंवा दुमडलेल्या पोत्यावर ठेवा. एकदा जागा ठरली की सारखी हलवू नका. ऊन आणि ऊब सारखी बदलली की अनंत कळ्या गाळतो.

पाण्याला वार लावू नका, बोट लावा. वरची माती बोटाच्या एका पेराएवढी कोरडी लागली, तरच पाणी द्यायचं. तेही सकाळी दहाच्या सुमाराला, कोमट नाही पण फार गारही नाही असं. खाली ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका. हवा फारच कोरडी असेल तर ताटलीत खडे भरा, त्यात पाणी घाला आणि कुंडी खड्यांवर ठेवा. कुंडीचं बूड पाण्याला लागता कामा नये.

पान पिवळं पडलं की घाबरण्याआधी ते कुठलं आहे ते बघा. खालची दोन-चार जुनी पानं पिवळी होऊन गळत असतील, तर ते सहज आहे. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोह कमी पडतंय. बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं हे जास्त होतं, कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला की ओळखा. शक्य असेल तर विहिरीचं गोडं पाणी वापरा. थंडी ओसरली की कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह आणून पुडीवर लिहिल्या प्रमाणात द्या. माती ओली असूनही रोप मान टाकत असेल, तर मुळं कुजताहेत. तिथे पाणी थांबवा आणि कुंडीची खालची भोकं मोकळी करा.

पानांची खालची बाजू आठवड्यातून एकदा उलटून बघा. बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी, कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्यानं पुसून काढा. उरलंच तर एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबणाचा फेस मिसळून, ऊन कडक नसताना फवारा.

हिवाळ्यात छाटणी नको, कुंडी बदलणं नको. बहर संपल्यावर छाटणी करायची आणि ऊब आल्यावर, माघ-फाल्गुनात माती बदलायची. महाशिवरात्रीला थंडी "शिव शिव" म्हणत जाते, असं आपल्याकडे म्हणतातच. त्यानंतर कुंडी बाहेर काढा, पण पहिल्याच दिवशी भर उन्हात नको. आठवडाभर सकाळचं ऊन, मग हळूहळू वाढवा. नवी पालवी फुटली की शेणखताची किंवा गांडूळखताची मूठभर भर घाला.

गटाची रोपं एकत्र असतील तर एक काम करा. रोपांना पाणी घालायची जबाबदारी आठवड्यासाठी एकीकडेच द्या. दोघी-तिघींनी मायेनं घातलेलं पाणी थंडीपेक्षा जास्त रोपं मारतं. आज संध्याकाळच्या आत आपापल्या कुंडीत बोट घालून बघा आणि माती ओली असेल तर तांब्या तसाच परत न्या.