लॅपटॉपच्या कवचाचे दुरून निदान

यंत्र मोडले म्हणजे पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कोणी मोडले?’ हा. ‘कसे मोडले?’ हा प्रश्न मागून येतो आणि पुष्कळदा येतच नाही. कारखान्यात निदान यंत्र सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. चार जाणते फिटर ते पाहू शकतात. पण मार्च २०२० च्या टाळेबंदीपासून कचेरीचा लॅपटॉप कामगाराच्या घरी गेला. कचेरी हिंजवडीला, घर साताऱ्याला आणि तपासणारा तंत्रज्ञ तिसऱ्याच गावी! अशा वेळी कवचाच्या इजेचे निदान फोनवरून व छायाचित्रांवरून करावे लागते. ते चुकले तर भुर्दंड पगारावर पडतो. क्वचित जिवावरही बेतते. म्हणून ही विद्या केवळ तंत्रज्ञाची नव्हे, नोकरदाराचीही आहे, असे आम्ही मानतो.

कवचाची इजा मुख्यतः तीन प्रकारची असते. पहिली आघाताची. लॅपटॉप पडला तर बहुधा तो एखाद्या कोपऱ्यावर आपटतो. तेथे पोचा येतो, टवका उडतो किंवा ओरखडा उठतो. आणि काचेवर दगड बसला म्हणजे जशा रेघा फाकतात, तसे तडे त्या एका बिंदूपासून फाकतात.

दुसरी बिजागरीची. प्लॅस्टिकच्या कवचात लहान पितळी नट बसविलेले असतात आणि धातूची बिजागरी स्क्रूंनी त्यांत आवळलेली असते. बिजागरी घट्ट झाली की झाकण उघडताना सारा ताण त्या नटांवर येतो; कालांतराने नट प्लॅस्टिकसकट उपटून निघतात. अशा वेळी तडा बिजागरीजवळ असतो, झाकण उचलताना तेथील सांधा उकलतो, पण बाहेरून आघाताची खूण कोठेच नसते. हा दोष बहुधा पडल्याचा नसून रोजच्या उघडझापीचा व कच्च्या बांधणीचा असतो.

तिसरी इजा सर्वांत धोक्याची. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली, तापली वा बिघडली म्हणजे तिच्या आतील द्रावणाचे विघटन होऊन वायू साचतो व ती फुगते. मग टचपॅड वर उचलला जातो किंवा दाबला जात नाही, कळफलकाला फुगवटा येतो, तळ टेबलावर सपाट न बसता डुगडुगतो. ही लक्षणे दिसताच लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, फुगवटा दाबू नये, काही टोचू नये, आणि यंत्र जाणत्याच्या हाती द्यावे. छायाचित्रे मागाहून.

बॅटरीची शंका नसेल तर तपासणी क्रमाने करावी. प्रथम चारी बाजूंची पूर्ण छायाचित्रे घ्यावीत, मग तड्याची जवळून. उजेड समोरून न टाकता बाजूने तिरपा टाकावा. पोचा व फुगवटा सावलीने उठून दिसतो. शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवावे; त्याचा व्यास २७ मिलिमीटर असल्याने दूरच्या माणसाला माप कळते. रेघेवरून हलकेच नख फिरवावे: नख अडले तर तडा असू शकतो, न अडले तर बहुधा वरवरचा ओरखडा. शेवटी झाकण सावकाश उघडतानाचे आवाजासह चलचित्र घ्यावे. कुरकुर कोठून येते, हे तज्ज्ञ त्यावरून ताडतो. स्क्रू मात्र आपण काढू नयेत.

प्रश्न विचारणाऱ्यानेही भान ठेवावे. ‘तुम्ही कधी पाडला?’ असे विचारले की मनुष्य घाबरून काहीतरी उत्तर देतो आणि निदान बिघडते. ‘प्रथम काय दिसले? त्याआधी बिजागरी घट्ट झाली होती का? टचपॅड कधीपासून दाबत नाही?’ असे विचारावे. दुरून आतील पट्टी तुटली की काय, हे सांगता येत नाही. तेथे ‘उघडून पाहावे लागेल’ हेच प्रामाणिक उत्तर.

आता हक्काची गोष्ट. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने ठरविले होते की, ताब्यात दिलेल्या मालाच्या नुकसानीपोटी पगार कापावयाचा तर ते नुकसान थेट कामगाराच्या हयगयीमुळे वा कसुरीमुळे झालेले असले पाहिजे. त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. आणि कपात नुकसानीहून अधिक होता कामा नये. २०१९ च्या वेतन संहितेनेही ही बंधने ठेवली आहेत. परंतु म्हणणे मांडावयाचे ते कशाच्या आधारे? बिजागरीच्या तड्याला ‘पाडल्याची खूण’ म्हटले गेले आणि आपल्याला दोहोंतला भेद सांगता आला नाही, तर कायदा कागदावरच राहील. म्हणून लॅपटॉप हाती येईल त्याच दिवशी त्याची तारखेसह छायाचित्रे घेऊन ठेवावीत, एवढी आमची सर्व नोकरदार बंधुभगिनींना विनंती आहे.